एक वीत उजवीकडं

आठ फूट उरले होते. चेंडू एका फटक्यात भोकात गेला तर रतनसिंग जिंकणार होता. चुकला तर नांदेडचे डॉक्टर. डॉक्टरांचा खेळ संपला होता आणि ते हातमोजा काढून दोरीपाशी उभे होते. वारंगा फाट्यावर, किशनरावांच्या हॉटेलामागे, शे-दीडशे माणूस दोरीबाहेर दाटलं होतं.

हायवेवरच्या गाड्या थांबाव्यात म्हणून किशनरावांनी हॉटेलामागं मऊ, बारीक गवताची हिरवळ केली होती आणि तिच्यात नऊ भोकं पाडली होती. गोल्फमधलं फक्त पटिंग इथं चालायचं, म्हणजे जमिनीवरून चेंडू ढकलून भोकात घालायचा. आज पहिली स्पर्धा होती. प्रत्येकाला एक सोबती नेता येत होता. डॉक्टरांसोबत त्यांचा ड्रायव्हर होता. रतनसिंगसोबत त्याची बायको शकुंतलाबाई होती. तिच्या खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात दोन चेंडू आणि पाण्याची बाटली.

रतनसिंग राठोड आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरचा. एकतीस वर्षं त्यानं पुण्यात गोल्फच्या मैदानावर कॅडीचं काम केलं. साहेबांच्या काठ्यांची बॅग उचलायची, त्यांच्यामागं चालायचं आणि चेंडू भोकाजवळ आला की उकिडवं बसून उतार बघायचा. मग सांगायचं, साहेब, दोन बोटं डावीकडं. तो एकदाच सांगायचा आणि सांगितलेलं कधी फिरवायचा नाही. साहेब ऐकायचे आणि जिंकायचे. इकडं शेत शकुंतलाबाईनं सांभाळलं. नवरा तिला दिवाळीला आणि पेरणीला दिसायचा. साठी जवळ आल्यावर तो परतला, तेव्हा तांड्यावरचे लोक हसत म्हणाले, हा कुठं खेळला, ह्यानं तर ओझं वाहिलं. ते खरंच होतं, म्हणून त्याला जास्त लागलं.

स्पर्धेची खबर आली तशी त्यानं तयारी सुरू केली. पुण्याहून निघताना एका उंच साहेबांनी त्याला आपला जुना पटर, म्हणजे चेंडू ढकलायची काठी, दिला होता. रतनसिंग बुटका. ती लांब काठी धरली की तो चेंडूपासून दूर उभा राहायचा आणि फटका तिरका जायचा. बाळापूरच्या जळबा वेल्डिंगवाल्याकडून त्यानं ती चार बोटं कापून आणली आणि वरून सायकलच्या मुठीचं रबर चढवलं. मग डोळ्यांसमोरून खडा सोडून बघितला. खडा नेमका चेंडूवर पडला. उभं राहायची जागा बरोबर झाली होती.

शकुंतलाबाईनं अंगण सारवून तळहातासारखं केलं. तिथं आडव्या ठेवलेल्या पेल्यात तो रोज सकाळी चेंडू घालायचा. खांदे हलवायचे, मनगट हलवायचं नाही. फटका मारल्यावर डोकं वर करायचं नाही, चेंडू पेल्यावर वाजला की कानानं ऐकायचं. लागोपाठ दहा गेल्याशिवाय चहा नाही. पहिल्या आठवड्यात चहा दुपारी मिळायचा. तिसऱ्या महिन्यात तो उकळायच्या आत दहा व्हायचे.

एक खोड मात्र जाईना. अंगण सपाट होतं, तिथं काही वाटायचं नाही. पण किशनरावांच्या हिरवळीवर सरावाला आला की त्याचं मन दोन्हीकडं धावायचं. साहेबांना छातीठोक सांगणारा माणूस स्वतःसाठी उतार बघताना एकदा उजवीकडं म्हणायचा, एकदा सरळ. हात ऐनवेळी अडखळायचा. आजही दोन सोपे चेंडू त्यानं असेच घालवले होते, नाहीतर सामना इथवर आलाच नसता.

तो उकिडवा बसला. एक वीत उजवीकडं, तो पुटपुटला. उठला, भोकाच्या पलीकडं जाऊन बघून आला. तिथलं गवत ओलं होतं. ओल्या गवतावर चेंडू कमी वळतो. मग सरळच मारावं, तो म्हणाला. साहेब लोक त्याच्याकडं ज्या नजरेनं बघायचे, त्या नजरेनं त्यानं शकुंतलाबाईकडं बघितलं.

"काय करू? एक वीत उजवीकडं, का सरळ?"

ती एक पाऊल पुढं आली नाही की जमिनीकडं वाकली नाही.

"तुमी आधी म्हणले तेच बराबर हाय."

तिनं ते असं सांगितलं की पुढं विचारायला जागा राहिली नाही. रतनसिंग चेंडूवर उभा राहिला. भोकाच्या उजवीकडं एक वीत, एवढंच त्यानं मनात धरलं. खांदे हलले. डोकं खालीच राहिलं. चेंडू उजवीकडून निघाला, ओल्या गवतावर मंदावला, डावीकडं झुकला. रतनसिंगनं काही बघितलं नाही. त्यानं फक्त टप्प असा आवाज ऐकला.

मग लोकांनी त्याला उचललं. डॉक्टरांनी मिठी मारली आणि काठी कापणाऱ्याचा पत्ता विचारला. किशनरावांनी हातात कप दिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की दर रविवारी रतनसिंगभाऊ इथं शिकवायला येतील. तांड्यावरून आलेल्या लोकांनी कप एकमेकांच्या हातांतून फिरवला. ओझ्याची गोष्ट कुणी काढली नाही.

संध्याकाळी दोघं फाट्यावर जीपची वाट बघत चहा पीत होते. रतनसिंगच्या मनात तेवढंच एक अडकलं होतं. एकतीस वर्षांच्या अनुभवाला जो उतार कळेना, तो हिला उभ्या उभ्या कसा कळला, असं त्यानं विचारलं.

शकुंतलाबाई हसली. जिंकलेला कप तिच्या मांडीवर होता.

"मला कुठला उतार? उन्हात ते भोकबी दिसत नव्हतं. पण इतकी वर्षं तुमाला फोनवरच तर ऐकलंय. पहिल्यांदा म्हणले तवा तुमचा आवाज हालला न्हाई."