मामंजींचं खाकरणं

शिक्षिका होण्यासाठीच्या बी.टी.च्या प्रवेशपरीक्षेत गोदूला गणितात गुण कमी पडले, तेव्हा तिचे सासरे तुळशीराम एवढंच म्हणाले होते, "बी.ए. झालीस, आता पुरं." तरी ती पुन्हा बसणार होती, त्यांच्या नकळत. नवऱ्याने गुपचूप अर्जही भरला होता.

मामंजी पनवेलच्या बाजारातल्या मिठाच्या वखारीत गेले की ती गणितं सोडवायला बसे. सुनेला डोक्यावर पदर घेता यावा म्हणून त्या काळी सासरे घरात शिरण्याआधी खाकरत. मामंजी तर गल्लीच्या तोंडापासूनच खाकरत यायचे. ते ऐकलं की पुस्तक तांदळाच्या डब्यामागे जाई आणि चुलीवर चहाचं आधण चढे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी खाकरणं ऐकूच आलं नाही. तिने मान वर केली, तर मामंजी दारात उभे आणि पुस्तक तिच्या मांडीवर उघडं. ती पदर सावरत उठू लागली.

"बस, बस. उद्या परीक्षा हाय ना?" ते म्हणाले.

"आज मुद्दामच खाकरलो नाय. खाकरलो का तुझं गणित अर्धं ऱ्हातं."