तीन बोटं

तंबाखू सोडवायच्या शिबिरात डॉक्टर आधी स्वतः आ वासायचे. "एकावर एक तीन बोटं तोंडात घाला. शिरली नाहीत, तर जबडा आखडतोय समजा आणि उद्याच्या उद्या मला भेटा." मग कारखान्यातले दोनशे कामगार आ वासायचे आणि हशा पिकायचा.

शिबिर आटोपलं की डॉक्टर गाडीत बसून गालात तंबाखूची चिमूट धरायचे.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान!" सिस्टर टोकायच्या.

"अहो, रोज चारचौघांत तीन बोटं घालून दाखवतो. माझ्याइतकी तपासणी कोणाची होते?"

आजही डॉक्टरांनी बोटं तोंडाशी नेली, पण ती ओठांशीच अडली. त्यांनी एक बोट हळूच मिटलेलं फक्त सिस्टरना दिसलं.



"दोन बोटं शिरली," डॉक्टर हसून कामगारांना म्हणाले, "की निर्धास्त घरी जा."