खात्रीचे ब्रेक

“चांगलं कोण बोललंय ते सोड,” आक्का म्हणाली. “रडलंय कोण, ते वाच.”

लेकीने डाव्या हाताच्या बोटाने मोबाइलवरचे गिऱ्हाइकांचे अभिप्राय वर सरकवले. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तो कसा मोडला हे आक्काने विचारलं नव्हतं. याआधी बरगडी झाली होती, त्याआधी कान. नवरा तोच होता, मग नवीन काय विचारायचं?

“एक म्हणतो, दुसऱ्याच महिन्यात ब्रेकच्या सिलिंडरमधून तेल गळायला लागलं. दुसरा म्हणतो, खोक्यावर मूळ कंपनीचं नाव आणि आत भलतंच.”

“मेला चोर. पुढचा दुकानदार काढ.”

गाडी आक्काच्या नवऱ्याची, पन्नास वर्षांची. तो गेल्यावर आक्काने तिच्यातूनच कापडाचे गठ्ठे पोचवले आणि लेकीला वाढवलं. चार यत्ता शिकलेली बाई, पण इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखायची. तीन वर्षं मात्र गाडी शेडमध्ये ठोकळ्यांवर होती. तिच्या ब्रेकचं सामान आता दुकानात मिळत नव्हतं. मिळायचं ते ऑनलाइन, आणि तिथे सगळेच साव.

जावयाचा त्या गाडीवर लग्नापासून डोळा. त्याचा निरोप आला होता: रविवारी बायकोला न्यायला येतो. गाडी देत असाल तर मागचं विसरून जाऊ.

“आई, खरंच देणार त्याला गाडी?”

“निरोप धाडलाय ना तसा.”

“आणि मला?”

आक्काने मोबाइलकडे बोट केलं.

“या वेळी गेले तर जिवंत परत येणार नाही मी. कळतंय का तुला?”

“बहिरी झाले नाही अजून. वाच पुढे.”

पहिलं पार्सल बुधवारी आलं. आक्काने ब्रेक शू हातात घेतला आणि चाकाला घासून गाडी थांबवणाऱ्या त्याच्या लायनरच्या कडेला नख मारलं. पिठासारखी भुकटी निघाली.

“परत पाठवा,” ती म्हणाली.

मिस्त्री शेडमध्ये गाडीखाली आडवा पडला होता. तो बाहेर सरकला. वीस वर्षं तो तिच्या गाडीचं काम करत होता आणि वीस वर्षं तिला टरकून होता. “आक्का, महिनाभर जातील की. नाहीतरी जावयालाच द्यायचीय.” मग दाराकडे बघून त्याने आवाज खाली आणला. “खरं सांगू? त्या माणसाला असलेच बरे.”

“मिस्त्री, तोंड गाडीखाली असतं तेव्हाच बरं दिसतं तुझं.”

पण लेकीने ते ऐकलं होतं. संध्याकाळी ती आईपाशी येऊन बसली. बराच वेळ प्लास्टरच्या कडेचे धागे ओढत राहिली.

“आई… ते सामान परत नको पाठवू. तेच बसव.”

आक्काने तिच्याकडे पाहिलं. ओरडली नाही. ती ओरडली असती तर लेकीला बरं वाटलं असतं.

“त्याच्या घराखालच्या उताराला शाळा आहे. ब्रेक गेलेली गाडी माणसं निवडून ठोकत नाही. असलं पुन्हा तोंडातून काढायचं नाही. मला असा ब्रेक पाहिजे की पाय पडला की गाडी जमिनीला खिळली पाहिजे.”

लेक रडायला लागली. आक्काने रडू दिलं.

चौथा दुकानदार म्हातारा होता. बंद पडलेल्या दुकानाचा माल नातवाच्या मोबाइलवरून विकत होता. आक्काने त्याला व्हिडिओ कॉल लावायला लावला. “काका, खोक्याची मागची बाजू दाखवा. सिलिंडरच्या रबरावर छापलेलं साल वाचा. आता लायनरला नख मारा. जोरात मारा, जेवला नाहीत का?” म्हातारा हसून म्हणाला, “बाई, मुलगी देतानासुद्धा इतकं विचारत नाहीत.”

“म्हणून तर फसतात,” आक्का म्हणाली.

शुक्रवारी सामान आलं. लायनर दगडासारखा होता, रबर लवचीक. मिस्त्रीने चारही चाकांना नवे शू, नवे सिलिंडर बसवले, तेल भरलं, नळ्यांतली हवा काढली. शनिवारी आक्का स्वतः गाडीत बसली. गल्लीत तीनदा ब्रेक दाबला. तिन्ही वेळा रस्त्यावर काळे पट्टे उठले. बाजूला बसलेल्या मिस्त्रीने दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं होतं.

“आक्का, दात पडले असते माझे!”

“म्हणजे नीट बसलेत,” ती म्हणाली.

रविवारी जावई इस्त्रीच्या शर्टात आला. गोड बोलला. सासूच्या पाया पडला. मग बायकोकडे वळला आणि आवाज न चढवता म्हणाला, “बॅग भरली का? दोनदा सांगायला लावू नकोस.”

“भरतेय ती,” आक्का म्हणाली. “तोवर चला, जावईबापू, एक चक्कर मारू. जुनी गाडी आहे, तिच्या खोडी समजून घ्या. मग किल्ली तुमची.”

तो खूश झाला. शीळ घालत आक्काशेजारी पुढे बसला, आणि मग सीटच्या पट्ट्यासाठी इकडेतिकडे चाचपू लागला. “माझ्या बाजूला पट्टा नाही?”

“त्या काळच्या गाड्यांना कुणालाच नसायचा. मी पडले म्हातारी, म्हणून कालच एक लावून घेतला.”

“घाबरता की काय, सासूबाई?” तो हसला.

“वय झालं, बाबा.”

बंद गिरणीमागच्या सरळ रस्त्याला तिने गाडी घातली. सुट्टीच्या दिवशी तिथे कुत्रंही फिरकत नसे. इंजिन एका सुरात चाललं होतं.

“पळवा की जरा! ब्रेकवर विश्वास नाही का?”

“ब्रेकवर आहे.”

काटा साठावर गेला, सत्तरावर गेला. लेक पुन्हा त्या घरात जाणार की नाही, एवढंच आक्काच्या डोक्यात होतं. जावयाने सिगारेट ओठात धरली आणि वाऱ्याचा आडोसा करत काडी ओढायला पुढे वाकला.

आक्काने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

गाडी थांबली. जावई थांबला नाही.