ड्यूक सुधारला

शाळेच्या संमतीपत्रावर लोर्नाने नाइलाजाने सही केली. "घरात बोका पोसायचा आणि शाळेत जाऊन मांजर कापायचं? काळीज आहे का गं तुला, मॅरेन?" असं तिने लेकीला चांगलंच सुनावलं.

पहिल्याच दिवशी मॅरेन औषधात मुरवलेलं मांजर कापून घरी आली. ड्यूक बोक्याने तिचे हात एकदा हुंगले आणि तो मुकाट्याने सोफ्याखाली जाऊन बसला. सहा वर्षं त्याने तोच सोफा फाडला होता, टेबलावरचे कप मुद्दाम ढकलून फोडले होते. आता तो अगदी गरीब गाय झाला. थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजलेली अख्खी टर्की टेबलावर उघडी पडली होती, पण पठ्ठ्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नखं कापायची म्हटली की स्वतःहून पंजा पुढे करू लागला.

मे महिन्यात मॅरेनच्या शिक्षकांनी, ऑस्ट्रँडर सरांनी, लोर्नाला शाळेत बोलावलं. "अभिनंदन! शरीरशास्त्रात मॅरेन वर्गात पहिली आली."

लोर्नाचा चेहरा पडला. खुर्ची पुढे ओढून ती हळूच म्हणाली,



"सर, तिला एखादं वर्ष नापास नाही का करता येणार?"