पट्ट्यांआडचा चेहरा

पडद्यावर पुन्हा हिरव्या पट्ट्या उमटल्या, त्यांच्याआडून कपाळाचा एक तुकडा क्षणभर दिसला आणि संगणक बंद पडला.

तुळशीरामने पेटीचे झाकण काढले. ग्राफिक्स कार्डावरचा पंखा धुळीने जखडला होता आणि कार्ड एका कोपऱ्यात काळवंडले होते. मागच्या खोलीतले फ्लेक्स छापण्याचे यंत्र त्याने भागीदारीत नवे आणले होते. संगणक मात्र लग्नाचे अल्बम सजवण्यापुरता घेतलेला, जुनाच राहिला होता. साधी पत्रिका तो कशीबशी उघडी. मोठा फोटो आला की त्याचा दम तुटे.

“आज काही हे होऊन नाही राह्यलं, भाऊ,” तुळशीराम म्हणाला. “चौकात नवं दुकान हाये. तिथं घंट्याभरात भेटन.”

समोर बसलेल्या उकंडरावांनी सीडीचे रिकामे पाकीट हातात दुमडले. “तुमच्याच हातचं पाहिजे.”

“माह्या हाताले काय सोनं लागलं?”

“तुमच्याच हातचं पाहिजे,” ते त्याच आवाजात पुन्हा म्हणाले.

उद्या त्यांच्या मुलीची तेरवी होती. वर तिचा मोठा फोटो, खाली ‘कै. कु. कोकिळा’ आणि ‘शोकाकुल परिवार’ एवढाच मजकूर त्यांनी सांगितला होता. फलक इथे, जळगाव जामोदच्या बसस्थानकासमोर लावायचा होता.

“तेरवी तुमच्या गावी अन् फलक इथं?”

“इथं पाहणारे हायेत.”

मुलीचे आजोळ इकडचे असावे, असा तुळशीरामने तर्क केला आणि तो तिथेच थांबला. मरणाचे कारण विचारायचे नाही, हा त्याने धंद्यात कसोशीने पाळलेला नियम होता. विचारणाऱ्याचे कुतूहल तेवढे भागते, सांगणाऱ्याची जखम मात्र नव्याने उघडी पडते, असे त्याचे मत होते. आणि या मतासाठी तो कोणाशीही वाद घालायला तयार असे.

“कागदावरचा एखादा फोटो असन तर पाहा. तो लावून भागवू.”

“सारे जाळले,” उकंडराव म्हणाले. “तिची माय त्याईच्यासंगच बोलत बसे. ह्या सीडीतला एक राह्यला.”

तुळशीरामने खामगावच्या ओळखीच्या विक्रेत्याला फोन लावला.

“त्या खाचेचं कार्ड आता येतच नाही, काका,” विक्रेता म्हणाला. “आधी बोर्ड बदला. मंग प्रोसेसर. मंग बाकीचं भंगारात टाका.”

“खिडकीची काच फुटली म्हणून घर पाडू काय बे?”

“घर जुनं असलं तर पाडाच लागते, काका.”

तुळशीरामने फोन ठेवला. उकंडराव एव्हाना बाहेरच्या बाकावर जाऊन बसले होते. पाठ दुकानाकडे, नजर रस्त्यावर. पाणी विचारले तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला. या घरचे पाणीही नको, असे काहीसे त्या हातात होते. पण दुःखात माणसाला तहान लागत नाही, अशी तुळशीरामने स्वतःची समजूत घातली.

दुकानामागे अंगण आणि अंगणापलीकडे घर. सून तिथे ओट्यावर तूर निवडत होती. मुलाने, इंद्रभानने, पुण्याला नोंदणी कचेरीत लग्न केले आणि तिला मागे कोणी नाही एवढेच बापाला कळवले, तेव्हाही तुळशीरामने दुसरा प्रश्न विचारला नव्हता. गृहप्रवेशाच्या वेळी तबकातल्या तांदळात त्याने स्वतःच्या अंगठीने ‘अन्नपूर्णा’ असे नाव लिहिले. त्या दिवसापासून घराला तिचे हेच एक नाव ठाऊक होते.

“काऊन हो मामाजी, जेवाले आले नाही ते?”

त्याने सारे सांगितले. गिऱ्हाइकाला परत पाठवावे लागेल, असेही सांगितले.

तिचा हात तुरीवर थांबला. “किती वर्षांची होती?”

“म्या नाही विचारलं.”

“तुम्ही तर काहीच नाही विचारत.” ती किंचित हसली, पण ते हसू टिकले नाही. “ह्यायच्या घरातल्या संगणकातलं कार्ड काढते मी. दोन्ही संगणक एकाच जमान्यातले हायेत. बसन.”

“अन् तुही कामं? तुले टायपिंग कराले संगणक लागते न?”

“माह्याजवळ मंग बिनकार्डाचाच राहू द्या. त्या बापाले नाही म्हणू नका, मामाजी. पोरगी तर गेली. निदान तोंड तरी पाहू द्या त्याले.”

सासऱ्याने आणखी आढेवेढे घेण्याआधीच ती पेचकस घेऊन आत गेली होती. थोड्या वेळाने फडक्यात गुंडाळलेले कार्ड घेऊन ती त्याच्या मागोमाग अंगणातल्या दाराने दुकानात शिरली. तुळशीरामला जवळचे बारीक काही नीट दिसत नसे. म्हणून खुर्चीवर तीच बसली. तिने जुने कार्ड उपटले, खाचेतली धूळ फुंकली, आणलेले दाबून बसवले. स्क्रू घट्ट करताना तिची नजर एकदा काचेबाहेरच्या पाठमोऱ्या टोपीवर गेली आणि परत कामावर आली.

“लावा बटन.”

पंखा सुरळीत फिरला. पडदा उजळला. एकही पट्टी नव्हती. तुळशीरामने समाधानाने चष्मा पुसला आणि फाइल उघडायला सांगितली.

चित्र वरून खाली सावकाश उलगडत आले. भांग, कपाळ, भुवया, डोळे. हनुवटीपर्यंत येता येता तुळशीरामच्या हातातला चष्मा तसाच राहिला. बाहेर बाकावर उकंडराव खोकले.

सुनेने माउस पुढे ओढला.

“छापाच्या आधी रंग थोडा उजळ करते, मामाजी,” ती म्हणाली. “सावळी दिसलेली मी बाबाले कधीच आवडली नाही.”