खोक्यात न आलेल्या बांगड्या

गावातली दुकानं आणि दवाखाने एकाच यंत्राला जोडल्यापासून कुणी काही मागवत नसे. लागेल ते आपोआप घरी यायचं. वटपौर्णिमेच्या आठवड्याचं खोकं वसुमतीबाईंनी उघडलं. उपासाचा साबुदाणा होता, पण वडाला गुंडाळायचं सूत नव्हतं, हिरव्या बांगड्याही नव्हत्या.

"यंत्रालाही उपास घडला वाटतं!" चहा पिता पिता त्यांचे यजमान मुकुंदराव हसले.

"ते कधी विसरत नाही हो."

त्यांनी मुकुंदरावांच्या हृदयाच्या गोळ्या पाहिल्या. गुरुवारपर्यंतच्याच होत्या. पौर्णिमा शुक्रवारी होती. देवापुढे हात जोडून त्यांनी दुकानाला फोन लावला.

"पुढच्या गोळ्या तुमच्या घरी लागणार नाहीत, ताई. त्या कुठल्याच दुकानात ठेवलेल्या नाहीत," यंत्राचा गोड आवाज म्हणाला.

"अहो, ते समोर बसून चहा पितायत!"

"हो ताई. आज मंगळवारच आहे."