बाई आजोबा झाल्या तेव्हा

नर्सिंगच्या ऑनलाइन वर्गात सरावाच्या खेळातला वॉर्ड उघडला. आज शिकवणाऱ्या बाईच पेशंट आजोबा झाल्या होत्या. पडद्यावर पाय मोडलेला म्हातारा आणि आवाज बाईंचा! त्यांना तपासायची पाळी एका विद्यार्थ्याची होती. याआधी तो या सरावात दोनदा नापास झाला होता.

"आजोबा, कुठे दुखतंय?"

"हा... हात उच... उचलवत नाही..."

"बाई, काय झकास अ‍ॅक्टिंग!" वर्गात कोणीतरी खिदळलं.

त्याला मात्र हसू येईना. केस तर मोडक्या पायाची होती, मग हात कुठून आला मध्येच?

"बाई, खेळ राहू द्या. तुमचं स्वतःचं नाव सांगा बरं."

पलीकडून नुसतं बोबडं काहीतरी आलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हा लकवा होता, आणि तो खऱ्या बाईंना आला होता. त्यानं पडद्यावरची नजर न हलवता अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला.

"पेशंट कुठे आहे? पत्ता सांगा."

"घर नंबर सत्तावीस, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, तळमजला, डावीकडचं दार. एकट्याच आहेत हो, पळा लवकर!"

फोन ठेवून तो वर्गाला म्हणाला, "निघाली गाडी."

मग एक मुलगी चाचरत बोलली, "अरे दादा, हा तर खेळातल्या आजोबांच्या केसपेपरवरचा पत्ता. बाई कुठे राहतात?"

सहा महिने रोज भेटणाऱ्या त्या वर्गात कोणालाच बाईंचं घर माहीत नव्हतं.